त्याच्या पँटची कंबर

११ जानेवारी

ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राला घंटी नसते. पडून राहील दारात, तुला वाटेल तेव्हा उचल.

ही कल्पना माझी नाही, हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाईंची. त्यांचं म्हणणं असं की आधी ताण आला की तुम्ही खात होतात, आता पोटात जागा नाही पण ताण काही कुठे गेलेला नाही. तेव्हा तसं वाटायला लागलं की स्वयंपाकघरात न जाता कुणाला तरी लिहायला बसा. मी विचारलं, कुणाला? तर म्हणाल्या, जो मध्येच तोडणार नाही अशा कुणाला तरी. सध्या या अटीत तू एकटीच बसतेस.

तर माझी खबरबात. ऑपरेशनला वर्ष होत आलं. पोट मुठीएवढं करून ठेवलंय, वाटीभर सूप संपवायला मला अर्धा तास लागतो. गोड खाल्लं तर छाती धडधडते, घाम फुटतो आणि आडवं व्हावं लागतं, म्हणून गोड बंद. केस गळून वेणीची शेपटी झाली. थंडी फार वाजते. दंडाखालची कातडी अशी लोंबते की कुणाला हात हलवून निरोप दिला तर हात थांबल्यावरही ती बिचारी निरोप देत राहते. बाकी मजेत आहे. जिने चढते. कुणाच्या घरी गेले तर बसण्याआधी खुर्चीच्या पायांकडे बघत नाही.

तुझा मेहुणा खुशाल आहे. बस चालवतो आणि घरी येऊन दुसऱ्या ड्रायव्हरांच्या चुका सांगतो, नेहमीसारखाच. मार्चमध्ये त्याची वार्षिक तपासणी आहे. ती पास झाल्याशिवाय डेपोवाले कुणाला गाडीला हात लावू देत नाहीत. दरवर्षी हा शीळ घालत जातो नि शीळ घालत येतो, तेव्हा त्याची काळजी नाही. अंगानं जरा भरलाय. शेजारीण म्हणाली, बायकोनं चांगलं ठेवलंय. मला बरं वाटलं. मी खात नाही म्हणून घरात रांधायचंच नाही असं थोडंच आहे?

आज लिहायला बसले कारण दुकानातल्या मॅनेजरनं बोलावून घेतलं. म्हणाला, पुढच्या महिन्यापासून तुम्ही तळघरात शिवत बसू नका, वर गिऱ्हाइकांची मापं घ्या, आता तुम्हाला पुढे उभं करायला हरकत नाही. बारा वर्षं हरकत होती, हे मला आज कळलं. मी 'थँक्यू' म्हटलं आणि खाली जाऊन एका कोटाची बाही उलटी जोडली.

आपण दोघी शाळेत ढोली नंबर एक आणि ढोली नंबर दोन होतो. मी निवृत्त झाले याचा तुला राग आलाय, असं मी धरून चालले आहे. मागच्या वर्षी तू केकचा डबा न उघडता परत पाठवलास. वर चिठ्ठीसुद्धा नाही. असो. मी राग धरलेला नाही, हे कळावं म्हणून लिहिलं.

ढोली नंबर दोन (निवृत्त)


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे तू वाचते आहेस. न वाचता परत पाठवायची तुला सवय आहे, हे मला माहीत आहे.

वर उभं राहून आज दुसरा दिवस. एक बाई आल्या. जुन्या गिऱ्हाईक, अंगानं माझ्या जुन्या मापाच्या. इतकी वर्षं त्या खास तळघरात उतरून माझ्याकडे यायच्या. कोट काढून, पोट सोडून, निवांत उभ्या राहायच्या. म्हणायच्या, तुझ्यापुढे श्वास धरून उभं राहावं लागत नाही. आज मी टेप घेऊन पुढे झाले तर त्यांनी श्वास आत ओढला.

मी म्हटलं, "बाई, सोडा की पोट. मीच आहे."

त्यांनी निरखून पाहिलं. मग ओळखलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, तू होय? छान दिसतेस हं."

पण पोट काही सोडलं नाही. धरून ठेवलेल्या पोटाचं माप मी लिहून घेतलं. तो ड्रेस त्यांना होणार नाही, हे मला लिहितानाच माहीत होतं. जाताना त्यांनी काउंटरवर हळूच विचारलं, खाली दुसरं कुणी बसतं का. मी पडद्याआड होते, ऐकलं.

आधी अशा दिवशी मी काय करत असे ते तुला सांगायला नको. आता ते करता येत नाही. मग मी घरी येऊन बटाट्यावर चीज घालून भाजलं, अख्खी कोंबडी केली, वर दूध-अंड्याचं पुडिंग केलं. हात चालू राहिले की डोकं गप्प बसतं. तुझा मेहुणा डेपोतून आला, हात धुतले आणि पानावर बसला. मी समोर बसले. तो पहिला घास घेतो, चीजची तार लांबते, तो ती बोटाभोवती गुंडाळतो, आणि मला खांद्यापासून सैल वाटायला लागतं. त्यानं सगळं संपवलं. मी माझं चार चमचे सूप प्यायले. छान संध्याकाळ गेली.

नंतर त्याची पँट घेऊन बसले, कारण कंबर पुन्हा घट्ट होतेय म्हणाला. गणवेशाच्या पँटीला मागच्या शिवणीत शिंपी बरीच माया सोडतात, पुढेमागे सोडवता यावी म्हणून. ती मी वर्षभरात तिसऱ्यांदा सोडवली. डेपोची धुलाई भिकार आहे, कापड आटतं.

माझे स्वतःचे कपडे मी आत घेते आणि त्याचे बाहेर काढते. एकाच बैठकीत, एकाच दोऱ्यानं. मागे एकदा मास्तरांना हे गंमत म्हणून सांगितलं. मास्तर म्हणजे आमचे तळघरातले म्हातारे कटर, सगळ्या दुकानात माझ्याशी सरळ बोलणारे एकटेच. ते हसले नाहीत. त्यांचे दात दुखत असतील.

ढोली नंबर दोन


१७ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. 'वाढण्याआधी त्याला भूक आहे का, एवढं एकदा विचार.' खाली सहीसुद्धा नाही. वर्षभरानं तोंड उघडलंस ते यासाठी?

तुला इतक्या लांब बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? मी काय त्याचं नरडं धरून कोंबते? चांगला बसचालक माणूस आहे, दिवसभर गर्दीतून एवढं मोठं धूड हाकतो, त्याला भूक लागणार नाही तर कुणाला? आणि 'नको' म्हणायला त्याला तोंड नाही का? एवढी वर्षं संसार केला, मला माझ्या नवऱ्याची भूक कळत नाही, आणि तुला कळते.

तुला काय वाटतं ते मला ठाऊक आहे. मी बारीक झाले ते तुला बघवत नाही. आई असती तर तिनं तुला सांगितलं असतं.

हे पत्र मी टाकणार नव्हते, पण समुपदेशक बाईंनी सांगितलंय की लिहिलेलं फाडायचं नाही.

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

विचारलं.

तुझ्या सांगण्यावरून नाही. तू खोटी पडावीस म्हणून विचारलं. रविवारची दुपार होती. मी भात, मटण आणि लोण्यात परतलेल्या भाज्या केल्या होत्या. वाढायचा डाव हातात होता. म्हटलं, "भूक आहे ना रे?"

तो टेबलाच्या कडेला बोट घासत बसला. मग म्हणाला, "नाही."

"आज बरं नाही का?"

"आजच असं नाही. संध्याकाळचीही बहुतेक नसतेच. दुपारी डेपोत पोटभर जेवतो ना मी."

मी डाव खाली ठेवला. "मग खातोस कशाला?"

त्याला बोलायला वेळ लागतो, तुला माहीत आहे. वाक्य गिअरमध्ये पडेपर्यंत थांबावं लागतं. म्हणाला, "ऑपरेशननंतर तू कशी झाली होतीस. घरात नुसती फिरायचीस. भांडी काढायचीस, परत ठेवायचीस. मग स्वयंपाक करायला लागलीस. मी जेवायला बसलो की तेवढा वेळ तू शांत बसायचीस, माझ्या तोंडाकडे बघत. तू माझ्या तोंडानं जेवत होतीस. मी म्हटलं, जेवू दे बिचारीला."

मी त्याच्यावर इतकी चिडले, ताई. का ते विचारू नकोस. माणूस वर्षभर भूक नसताना आपल्यासाठी जेवतो, आणि आपल्याला राग कसला येतो तर त्यानं सांगितलं याचा. म्हटलं, मला बिचारी म्हणायचं नाही. मटण उचलून फ्रिजमध्ये टाकलं. तो उठून बाल्कनीत गेला.

तीन दिवस मी चूल पेटवली नाही. ब्रेड आणि अंडी. आज दुकानात शर्टांचा गठ्ठा चुकीच्या मापाचा निघाला, मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला. घरी आल्याबरोबर मी केक केला. अक्रोड घालून, वरून साखरेचा पाक ओतून. तो आला, त्यानं वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि हात धुऊन बसला. दोन तुकडे खाल्ले. मी समोर बसले होते.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. पोट कापून टाकलं तरी मी तीच आहे.

धाकटी


१२ मार्च

ताई,

तो नापास झाला.

साखर वाढली आहे, रक्तदाबही वर गेला आहे. डॉक्टरांनी विचारलं, चक्कर येते का? हा खरं बोलला. मागच्या महिन्यात सिग्नलला उभा असताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली होती म्हणाला. पन्नास माणसं मागे बसलेली. मला हे त्यानं सांगितलं नव्हतं. त्याला बसवरून उतरवलंय. जूनमध्ये पुन्हा तपासणी. तोपर्यंत साखर खाली आली तर ठीक, नाहीतर कायमचा खुर्चीवर. सध्या डेपोच्या खोलीत बसून तो दुसऱ्या ड्रायव्हरांना किल्ल्या देतो. सकाळी त्यांना किल्ल्या वाटायच्या आणि संध्याकाळी परत घेऊन खुंटीला लावायच्या. घरी आल्यावर कुणाच्या चुका सांगत नाही. त्याला दिसतच नाहीत ना चुका, खिडकी भिंतीकडे आहे.

त्याला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही आवडत नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा आम्ही कुठे गेलो की हा बसस्टॉपवर उभा राहून वळणं बघतो. मी हे लिहिते आहे आणि दोनदा उठून फ्रिज उघडून आले आहे. भूक नाही, भीती आहे. त्या दोन्ही मला एकसारख्याच लागतात.

काल त्याची पँट उसवायला घेतली, चौथ्यांदा. मागची शिवण उघडली तर आत माया उरलीच नव्हती. कापडाची कड हाताला लागली. मी ती तशीच घेऊन तळघरात मास्तरांकडे गेले. म्हटलं, मास्तर, डेपोची धुलाई बघा कशी आहे, कापड किती आटलंय. मास्तरांनी पँट उलटी केली, तीन वेळा हलवलेल्या टाक्यांच्या खुणांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पोरी, लांबी तेवढीच आहे की. कापड आटलं की आधी लांबीत आटतं. हे तुला मी सांगायचं?"

मला कुणी सांगायला नको होतं. मापं घेऊन मी पोट भरते. बाकी सगळ्या जगाच्या कंबरा मला चालता चालता कळतात, आणि रोज समोर बसून जेवणारा माणूस मला दिसला नाही.

तुझ्याबद्दलही बोलून टाकते. मागच्या वर्षी मी तुझ्याकडे आले होते तेव्हा तीन डबे घेऊन आले होते. एकेक उघडून तुझ्यापुढे ठेवत होते, आणखी घे, एवढंच घे म्हणत होते. तू म्हणालीस, 'तू मला खायला घालून माझं तोंड बघत बसली आहेस, मला कसंतरी होतंय.' मी हसण्यावारी नेलं, आणि नंतर सगळ्यांना सांगत सुटले की ताई जळते. तुला गुडघ्यांचा त्रास आहे, डॉक्टरांनी तुला काय सांगितलंय, हे मला तेव्हाही माहीत होतं. वर पुन्हा केक पाठवला. तू तो परत पाठवलास ते बरं केलंस. माझ्या नवऱ्यात ते बळ नव्हतं, कारण त्याचा जीव माझ्यावर जास्त आहे. किंवा तुझा जास्त आहे. मला आज ठरवता येत नाही.

धाकटी


९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. या वेळी दोन पानं, सहीसकट. तुझ्या गुडघ्यांबद्दल वाचलं. शेजारच्या मांजराबद्दलही वाचलं. मी पुन्हा पुन्हा वाचते आहे, पण त्याबद्दल काही लिहीत नाही, नाहीतर रडारड होईल आणि माझी दुपारची सुट्टी संपत आली आहे.

इथलं सांगते. स्वयंपाक आता तो करतो. वाईट करतो. फरसबी उकडतो आणि तिच्याकडे अपराध्यासारखं बघतो. मला ओट्याजवळ येऊ देत नाही. मी भयंकर झाले आहे. कपाटं आवरते, पडदे उसवून परत शिवते, परवा शेजारणीच्या नातवाच्या बाहुलीला कोट शिवला, तिला नको असताना. समुपदेशक बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ताण दुसऱ्या दारानं येतोच, आपण दार ओळखायचं. बाईंना ओळखायचं दार, आम्हाला राहायचं घर.

गेल्या महिन्यात मॅनेजरनं सांगितलं, तळघर बंद. मास्तरांना घरी जायचं, शिवणकाम बाहेर पाठवायचं, मी वरच राहायचं. मास्तरांनी कात्री कापडात गुंडाळली, मशीनवर झाकण घातलं आणि मला म्हणाले, "टेप माझी ठेव, तुझी वापरून लांबलीय, माप खोटं दाखवते." एवढंच.

घरी आले तेव्हा तो अजून यायचा होता. मी चूल पेटवली. काय केलं ते सांगत नाही, सगळंच केलं. तो दारात उभा राहिला, चपला न काढता. मी म्हटलं, "बस."

तो म्हणाला, "नको."

मी म्हटलं, "एवढंच. आजच्या दिवस. मास्तर गेले रे."

त्याचं तोंड रडवेलं झालं, खरंच सांगते. पण म्हणाला, "नको. मला बस चालवायचीय."

मी चमचा भिंतीवर फेकला. आयुष्यात पहिल्यांदा मी अन्न असलेली वस्तू फेकली. त्यानं चमचा उचलून ठेवला. गॅस बंद केला, सगळी भांडी उचलून शेजारणीकडे देऊन आला, आणि म्हणाला, "चल."

"कुठे?"

"बसनं फिरून येऊ."

आम्ही ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो. पहिल्या वळणाला हा पुटपुटला, उशिरा वळला. दुसऱ्या स्टॉपवर म्हणाला, ब्रेक असे मारतात का, माणसं आहेत का बटाटे. बऱ्याच दिवसांनी त्याचं ते ऐकलं आणि माझं तोंड सुटलं. मी सगळं बोलले. मास्तर, मॅनेजर, पोट धरून उभ्या राहिलेल्या बाई. आंघोळ करताना मी आरशावर टॉवेल टाकते हे. तो सिग्नलला आंधळा झाला आणि त्याला तसं मी केलं, हे. पुढची बाई मागे वळून बघायला लागली, तरी मी थांबले नाही. शेवटच्या स्टॉपला ड्रायव्हर म्हणाला, उतरा. यानं डेपोचं ओळखपत्र दाखवलं. तो म्हणाला, मग बसा.

घरी आलो तेव्हा मला बरं वाटत होतं असं म्हणणार नाही. थकले होते. पण पोटात, डोक्यात, हातात, कुठेच काही शिल्लक नव्हतं. तेव्हापासून संध्याकाळी असे निघतो, रोज जमत नाही. कधी कधी तो दमलेला असतो, कधी मी नुसतीच भांडते. पण आता कंडक्टर आम्हाला ओळखतात.

धाकटी


१८ जून

ताई,

झाला पास. साखर खाली आली, गोळी चालू राहणार, दर तीन महिन्यांनी तपासणी. डॉक्टर म्हणाले, वजन अजून उतरू दे. सोमवारपासून जुन्याच मार्गावर. आज तो डेपोतून आला तेव्हा जिन्यातच त्याची शीळ ऐकू आली. मी दार उघडलं नाही, आत उभी राहून ऐकत राहिले. नंतर त्यानं पँट माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, घे आत.

माझं म्हणशील तर नोकरी तीच, मॅनेजर तोच. त्या बाई पुन्हा आल्या होत्या, तो ड्रेस घेऊन, अर्थातच घट्ट. मी पडदा ओढला, माझ्या ब्लाउजची बाही वर केली आणि दंडाची लोंबती कातडी त्यांना दाखवली. म्हटलं, बघा, आपण कुठेही गेलो तरी काही ना काही लोंबतंच. त्या इतक्या हसल्या की पोट आपोआप सुटलं, आणि मी तेवढ्यात माप घेतलं.

आता खरं काम. तू लिहिलंस की गुडघे बरे आहेत, प्रवास जमेल, पण यायला मन धजत नाही. माझंही बोलवायला धजत नाही. तुला बघितल्यावर माझे हात ओट्याकडे जाणार, हे मी आत्ता लिहूनही ठेवते. ताण आला म्हणून जातील, आनंद झाला म्हणून जातील, तू रडलीस म्हणून जातील. मी बरी झालेले नाही. मी फक्त ओळखायला शिकले आहे.

आपल्या घरात माणसाला बोलवायचं म्हणजे जेवायला ये म्हणायचं. आई तसंच म्हणायची, मीही जन्मभर तसंच म्हटलं, दुसरं बोलावणं मला येत नाही. चार दिवस कागद पुढे घेऊन बसले आहे. हा म्हणतो, लिही ना सरळ. म्हणून सरळ लिहिते. मी काहीही करणार नाही. टेबलावर पाण्याचा तांब्या असेल आणि आम्ही दोघं असू. तुझ्यासमोर मी रिकाम्या हातांनी बसेन, आणि तू माझ्याकडे बघ, मी तुझ्याकडे बघेन, तोंडाकडे नाही, तुझ्याकडे.

रविवारी ये, ताई. घरून जेवून ये.

तुझी
धाकटी